हाताचा ब्रेक

"धूर सोडणारा वाल चिकटतोय त्याचा," झोपडीतून कुणीतरी म्हणालं, आणि गुंडाप्पा फिटरचा पाना जागच्या जागी थांबला.

माकणीच्या आण्णासाहेबांच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर, तो सकाळपासून तेलाच्या इंजिनाशी झटत होता. मुरुमच्या जिनिंग कारखान्यात त्यानं सत्तावीस वर्षं इंजिन चालवलं होतं. पावसाळ्यात कारखाना बंद झाला की आसपासच्या मळ्यांतले पंप दुरुस्त करत हिंडायचं, हा त्याचा नेम. इंजिनाच्या बाबतीत आपल्याला शिकवील असा माणूस या भागात नाही, असा त्याचा समज होता. त्यानं कुरकुरत वाल्व उघडला. चिकटत होता.

"कोण रे तू?" त्यानं हाक दिली.

झोपडीच्या दारात बाजेवर एक उंच, तिशीच्या आतला माणूस बसला होता. डाव्या गुडघ्याखाली पाय नव्हता. पायजम्याची मोकळी बाजू दुमडून वर खोचलेली होती आणि कुबडी भिंतीला टेकवलेली होती.

"दगडोबा. आण्णासाहेबांचा चुलतभाऊ. लढाईला गेल्तो."

"न बघता कसं कळलं तुला?"

"आप्पा, म्या दोन वर्सं फटफटीवर काढली. इटलीत लष्कराची डाक न्यायचो, रातच्याला, बत्ती विझवून. तवा कानच डोळं."

गुंडाप्पा हात पुसत बाजेशी येऊन बसला. सपाट काळ्या रानात जन्म गेलेला माणूस. त्याला एकाच गोष्टीचं कुतूहल वाटलं. "तिकडं मोठमोठे डोंगर म्हणतात. कसे होते रे?"

"ठावं न्हाय. म्होरल्या चाकाएवढीच वाट दिसायची, तीबी नीट न्हाय. मग सुरुंग लागला. दवाखान्याच्या खिडकीतनं नुसती भिताडं."

एवढं बोलून तो हसला. गुंडाप्पाला मात्र हसू आलं नाही.

निघताना बांधावर दगडोबाची बायको द्वारकाबाई ताकाचा तांब्या घेऊन आडवी आली. "आप्पा, दहा म्हैनं झालं यांना येऊन. गावात गेलं न्हाईत, पारावर बसलं न्हाईत. माझ्यासंगं सुदिक नुसतं व्हय आन् न्हाय. आज तुमच्यासंगं घटकाभर बोललं." तिनं पदर सावरला. "इंजिन पुना बिघडंल का वो?"

"माझ्या हातचं इंजिन बिघडत नाही, बाई," गुंडाप्पा ताठ्यात म्हणाला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तांब्या तोंडाला लावून वेळ काढला. "पण येऊन बघावं लागतं. आठ दिवसांनी बघायला येतो."

आठ दिवसांनी इंजिन झक्क चालत होतं. तरी गुंडाप्पानं ते उघडलं, पुन्हा बसवलं आणि बाजेवर येऊन बसला. बोलता बोलता कारखान्यातल्या मोटारसायकलचा विषय निघाला. मालक महालिंगप्पांनी ती सिकंदराबादला लष्करी लिलावात मुलासाठी घेतली होती. डाव्या बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली, हिरव्या रंगाची. पहिल्याच दिवशी पोरगा ओढ्यात गेला आणि परत आपला टांग्यात बसू लागला. तेव्हापासून मोटारसायकल सरकीच्या गोदामात धूळ खात उभी होती.

दगडोबानं वीस प्रश्न विचारले. गिअर पायाचा की हाताचा, साखळी ढिली पडली का, डब्याचं चाक वाकलंय का. मग रानाकडं बघत राहिला.

"आपण जाऊ की डोंगर बघायला," गुंडाप्पाच्या तोंडून निघून गेलं.

"कोन चालवनार?"

"मी."

खरं तर गुंडाप्पाच्या लेखी इंजिन म्हणजे चार बोल्टांनी जमिनीला जखडलेली चीज. जे इंजिन माणसाला घेऊन पळतं त्याच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण शब्द गेला तो गेला.

त्या दिवसापासून दर आठवड्याला झोपडीत बेत शिजू लागला. दगडोबा शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं रस्ता काढायचा. लोहाऱ्यावरून हमरस्त्याला लागायचं, नळदुर्ग, मग तुळजापूरचा चढ, उस्मानाबाद, आणि शेवटी बालाघाटाची कड, येडशीचा घाट. निजामाच्या हद्दीतच राहायचं म्हणजे नाक्यावर खोळंबा नाही. कुठं पाणी, कुठं सावली, कुठं टायर तपासायचा, सगळ्याच्या खुणा. गुंडाप्पाला पंपांमुळं प्रत्येक गावची विहीर पाठ. तो विहिरी सांगायचा. द्वारकाबाई जात्यावरून ओरडायची, "येडशीला माझी मावशी हाय! भाद्रपदात गेलं तर रामलिंगाच्या दरीत तेरडाच तेरडा आसतो. आन् झऱ्याचं पानी बर्फावानी. लिवा त्यात!"

"बर्फ कवा बघितलास तू?" दगडोबा विचारायचा.

"तुमी बघितला न्हवं? मग झालं की."

तिसऱ्या आठवड्यात कोळशाचा रस्ता झोपडीबाहेर ओट्यावर आला, कारण आत जागा पुरेना.

मग गुंडाप्पा मोटारसायकल शिकायला बसला. गोदामातून बाहेर काढली, किक मारली, क्लच सोडला. मशीन डब्याच्या बाजूला ओढ खात निघालं ते थेट सरकीच्या ढिगात शिरलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हमाल आधीच ढिगापासून लांब जाऊन उभे राहिले. महालिंगप्पा पोट धरून हसले.

"गुंडाप्पा, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंस, ते हातपाय मोडून घ्यायला?"

"मालक, थट्टा नका करू."

"थट्टा न्हाय रे. गाडी ने, रेशनच्या पेट्रोलची चिठ्ठी पण देतो. फकस्त हंगामाच्या आदी माझं इंजिन खोलून साफ झालं पायजे. आन् तू जिता परत आला पायजे. दुसरा फिटर न्हाय माझ्याकडं."

त्या संध्याकाळी अंगावरची सरकी झाडत गुंडाप्पा मोटारसायकलसमोर उकिडवा बसला. चालवणं त्याच्या हाडातच नव्हतं, हे त्याला कळून चुकलं होतं. सगळा बेत पाण्यात. माकणीला जाऊन काय सांगायचं? बसल्या बसल्या सवयीनं तो एकेक भाग न्याहाळू लागला. क्लच हाताचा. पुढचा ब्रेक हाताचा. गिअर उजव्या पायाचा. डबा बाजूला असल्यामुळं पाय टेकून तोल सांभाळायची गरज नाही. डाव्या पायाकडं फक्त मागचा ब्रेक. सबंध मशीनला माणसाचा डावा पाय एवढ्या एकाच कामाला लागत होता!

"अय्यो, शिवा," तो मोठ्यानं म्हणाला आणि उठून भंगारातला एक गज शोधू लागला.

पुढचे दहा दिवस त्यानं जेवणाकडं लक्ष दिलं नाही. गज तापवला, वाकवला, कानस मारली. मांडीच्या बाजूनं वर येणारा, डाव्या हाताला सापडणारा दांडा केला आणि खाली ब्रेकला जोडला. मग गाडी माकणीला न्यायचा प्रश्न आला. चालवणारा कुणी नव्हता, म्हणून त्यानं ती बैलगाडीत चढवली, दोर बांधले, आणि स्वतः गाडीवानाशेजारी बसला. वाटेतल्या प्रत्येक गावातली माणसं बैलगाडीत बसून चाललेली मोटारसायकल बघायला दारात आली.

दगडोबानं आधी गाडी पाहिली, मग तो दांडा पाहिला, आणि त्याचा चेहरा कठीण झाला.

"ह्ये काय?"

"हातानं लागणारा ब्रेक."

"माझ्यासाटनं?"

"हो."

"घिऊन जावा, आप्पा. मला कुनाची दया नगं. लंगडा फटफटीवर बसला म्हून गावानं बघाया यायचं आन् पोरास्नी दावायचं! न्हाय जमनार."

द्वारकाबाई दारातच थिजली. गुंडाप्पाला राग आला. असा राग त्याला फक्त कुणी पान्यानं हातोड्याचं काम केलं तर यायचा.

"दया? मला काय वेळ आहे दया करायला? मला डोंगर बघायचाय. दोन महिने तू कोळशानं दाखवलास, आता झोप लागत नाही मला. माझ्याच्यानं हे जनावर चालत नाही, तीन वेळा सरकीत पडलो. चालवणारा एकटा तू माहीत आहेस. म्हणून दांडा केला. येणार नसलास तर नको येऊ, पण माझ्या कामात चूक असली तर सांग. नाव ठेवायचं तर कामाला ठेव."

बैल रवंथ करत होते. मग दगडोबानं कुबडी ओढली, गाडीला हात टेकत टेकत जवळ आला, दांडा धरला आणि मागंपुढं केला. पुन्हा केला.

"लई वर झालाय," तो म्हणाला. "दोन बोटं खाली पायजे. वढताना खांदा उचलतोय."

"दोन बोटं?"

"दीड."

"कानस बैलगाडीतच आहे," गुंडाप्पा म्हणाला आणि बाह्या सारत कामाला लागला.

पोळ्यानंतरच्या सोमवारी, चांगलं उजाडल्यावर, ते निघाले. दगडोबानंच तशी वेळ ठरवली. सगळं दिसलं पाहिजे म्हणाला. द्वारकाबाईला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती धपाटी आणि गुंडाप्पाच्या बायकोनं, नागम्मानं पाठवलेली शेंगाची चटणी घेऊन सरळ डब्यात जाऊन बसली.

"मावशी माझी हाय का तुमची?" एवढंच तिनं विचारलं.

गुंडाप्पानं किक मारली आणि दगडोबाच्या मागं बसून त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला. माकणीच्या पारावर माणसं होती, पोरंही होती. सगळी बघायला धावली. दगडोबाची मान जरा आखडली. पण पारापाशी येताच त्यानं भोंगा दाबला, दोनदा, खणखणीत. एक म्हातारा टोपी हलवत ओरडला, "दगडू, जपून रं!" दगडोबानं हात वर केला.

नळदुर्गपर्यंत गुंडाप्पानं शिवाचं नाव सोडलं नाही. तुळजापूरच्या चढाला त्यानं एक डोळा उघडला. उस्मानाबादेत चहा पिताना "आणखी किती?" असं त्यानं विचारलं तेव्हा त्यात भीतीपेक्षा घाईच जास्त होती.

येडशीच्या पुढं रस्ता एकदम खाली सुटला. एका अंगाला डोंगराची भिंत, दुसऱ्या अंगाला झाडांनी भरलेली दरी, उतारावर गुलाबी तेरडा. दगडोबा बघत होता. जरा जास्तच बघत होता, कारण वळण घेताच समोर कडब्याची बैलगाडी रस्ताभर आडवी उभी!

द्वारकाबाई किंचाळली. दगडोबाचा डावा हात दांड्यावर गेला आणि त्यानं तो वर खेचला. मागचं चाक घासत गेलं, खडी उडाली, दरीची कड गुंडाप्पाच्या पायाखालून सरकल्यासारखी झाली, आणि गाडी थांबली. बैलाचं तोंड थेट डब्यावर आलं होतं. त्यानं द्वारकाबाईच्या मांडीवरचं धपाट्याचं गाठोडं हुंगलं.

"खा बाबा," ती धापा टाकत म्हणाली आणि अर्धं धपाटं त्याच्या तोंडात दिलं.

म्हातारा गाडीवान खाली उतरला. त्यानं दांड्याकडं पाहिलं, दगडोबाच्या पायाकडं पाहिलं. "तुझा लगाम झकास हाय, गड्या."

"ह्या आप्पांनी केलाय," दगडोबा म्हणाला. "असा मिस्त्री लष्करात न्हवता."

गुंडाप्पाला एकदम चष्मा पुसावासा वाटला.

रामलिंगाच्या देवळाकडं जायचं तर वरून पायवाट उतरत जायची. दगडोबानं कड्याच्या बाजूला गाडी उभी केली. "तुमी दोघं जाऊन या. म्या हितं थांबतो."

"एकलं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"एकला कुटं? येवढा डोंगर हाय की."

ती दोघं उतरली. झऱ्याचं पाणी खरोखरच गार होतं. द्वारकाबाई ओंजळ भरून प्यायली, मग तिनं हातपाय धुतले, देवापुढं घंटा वाजवली. बाहेर आली तेव्हा दरीत शिट्टी घुमली. बार्शीकडची छोटी आगगाडी धापा टाकत घाट चढत होती.

गुंडाप्पानं वर पाहिलं. कड्यावर दगडोबा बसलेला नव्हता. गाडीला कंबर टेकून सरळ उभा होता. आगगाडी त्याच्या खालून वळली. खिडकीखिडकीतून माणसांनी त्याला हात केले आणि त्यानंही हात वर करून तो तसाच धरला, शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत. कमरेखालचा सगळा भाग मोटारसायकलच्या आड होता. आगगाडीतल्या माणसांना दिसला असेल तो डोंगर बघायला आलेला एक उंच माणूस, एवढंच.