वनस्पती तुपाच्या डब्यातले पन्नास ओहम

"सेट मेलाय, तेजे. रविवारी पुण्याचा दोस्त येनार हाय. सुटे भाग काढून त्याला देतो," भिमाजीमामा म्हणाले आणि त्यांनी पेचकस उचलला.

लष्करात वायरलेसवर नोकरी करून निवृत्त झाल्यावर मामांनी वारूळवाडीच्या घरी हा ट्रान्समीटर स्वतः जुळवला होता. रोज सकाळी ते नागपूर-बेळगावच्या हौशी रेडिओवाल्या मंडळींशी बोलत. नव्याण्णवच्या हिवाळ्यात अचानक कुणी उत्तर देईना. मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. सेट मेलाय, हे मला मोजून हवं होतं.

त्यासाठी अँटेना काढून तिथे पन्नास ओहमचा रोध जोडायचा. सेट धड असेल, तर त्याची शक्ती रोधात जिरते आणि सेट नि रोधाच्या मधल्या मीटरवर दिसते. मी विजेच्या शेगडीची जुनी कॉईल मल्टीमीटरवर मोजून बरोब्बर पन्नासला तोडली. मामांनी बटण दाबलं. काटा जेमतेम हलला.

"बघ. काय म्हनलं व्हतं मी?"

"रविवारपर्यंत पेचकस लावायचा नाही."

"लई हट्टी. आईवर गेलीस."

जेवताना चूक लक्षात आली. मल्टीमीटर बॅटरीच्या स्थिर प्रवाहावर मोजतो. रेडिओचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा उलटतो. त्याला कॉईलचं वेटोळंच अडवतं. वेटोळं नसलेला रोध हवा. नारायणगावला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हजार ओहमचे कार्बनचे रोध मिळाले. वीस समांतर जोडले, की प्रवाहाला वीस वाटा मिळतात आणि रोध हजाराचा विसावा हिस्सा होतो, म्हणजे पन्नास. पत्र्याच्या दोन चकत्यांमध्ये ते डाग देऊन बसवले, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात घातले, झाकणाला सॉकेट लावलं. निम्मे डाग कच्चे निघाले. सगळे उपसून पुन्हा दिले.

"तूप खाऊन उठनार व्हय सेट?"

"बटण दाबा, मामा."

काटा चाळीस वॅटवर जाऊन थांबला. मामांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. चाळीसच. डबा कोमट झाला. मामांनी पेचकस खिशात घातला.

म्हणजे दोष अँटेनात. आम्ही मागच्या शेतात गेलो. दोन खांबांमध्ये ताणलेल्या तांब्याच्या तारेला झोळ पडला होता. तिच्याखाली हातभर अंतरावर मामांच्या मुलानं, अमृतदादानं, दिवाळीनंतर द्राक्षाचा नवा मांडव उभारला होता, सगळा लोखंडी तारांचा. सेटची शक्ती हवेत जायच्या आधी त्या लोखंडातच अडकत असणार.

अँटेना पुन्हा सेटला जोडून मामा आत बसले. मी बांबूनं झोळ वर ढकलला.

"वाढतोय काटा! आजून उचल!"

माझे हात भरून आले, तेव्हा अमृतदादानं येऊन बांबू धरला.

मामा धावत बाहेर आले. "सेट कुटं जात न्हाई आता!"

"मांडव बी जात न्हाई, आबा. सांगून ठेवतो."

"मग खांब जातील वर. कुऱ्हाड आन."

दोघं भांडतच बांधावरच्या बांबूच्या बेटाकडे निघाले. खांब किती उंच हवेत, ते काढायला मी टेप शोधायला गेले.