पहिली गोळी भरणाऱ्याची

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गोटीरामही लेकीच्या दारात आला तो अडला म्हणूनच, पण पाय धरायला नाही, हुकूम सोडायला. हातातली शेवंतीची पिशवी त्याने उंबऱ्यावर ठेवली आणि विचारलं, "आत घेती का हितंच उभं करती?"

शुभांगीने त्याला आत घेतलं ते शेजारच्या सुमनबाई गॅलरीतून टकामका बघत होत्या म्हणून. पाणी मात्र विचारलं नाही. या बापलेकीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य त्यांच्या अख्ख्या मखमलाबाद गावाला ठाऊक होतं. ती लग्न करून शहरात आली, राज्यासाठी पदकं आणली, आता रेंजवर पोरापोरींना नेमबाजी शिकवत होती, आणि एवढ्या वर्षांत बापाने तिच्या घरचा चहा एकदाही घेतला नव्हता.

"दांडेवालीची काडतुसं भरून पायजे," तो म्हणाला. "हलकी. खांद्याची वाटी बदललीय माझ्या. जोराचा धक्का डाक्टर नको म्हनतो."

दांडेवाली म्हणजे घरची रायफल. शुभांगीच्या आजोबांनी पेठकडच्या एका इनामदाराकडून घेतलेली, जाड नळीची, विलायती. चापाखालचा दांडा खाली ओढून वर दाबला की नवं काडतूस आत जातं, म्हणून घरात तिचं ते नाव पडलं. तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली त्याला जमाना झाला. वापरलेल्या पितळी नळ्यांच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू घालायची, वर शिशाची गोळी ठोकायची, असं घरीच चालत आलं होतं. भरायचा परवाना आधी आजोबांकडे होता, मग गोटीरामकडे, आणि आता नेमबाज म्हणून शुभांगीकडे. बापाला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त जळफळाट होता.

"कुंदनला सांगा की," ती म्हणाली. "लाडका लेक आहे."

कुंदनचं नाव निघालं तसं म्हाताऱ्याचं तोंड कडू झालं. धाकट्या कुंदनने दिंडोरीकडे द्राक्षमळ्यात पाहुण्यांसाठी रिसॉर्ट काढलं होतं. त्याला रायफल हवी होती ती भिंतीवर टांगायला. नळीत भोक पाडायचं, आत वितळलेलं शिसं ओतून ती कायमची बंद करायची, आणि वाईन पिणाऱ्या मंडळींनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. बापाचं वय झालं, आता रायफलचा परवाना माझ्या नावावर करा, म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. शेवटी रेंजवरच्या क्लबचे सेक्रेटरी संतोष सर मध्ये पडले आणि पैज ठरली. दसऱ्याच्या सकाळी गोटीरामने रेंजवर पाच गोळ्या मारायच्या. तीन निशाणाच्या वर्तुळात गेल्या तर तो म्हणेल त्याच्या नावावर रायफल होईल आणि कुंदन मुकाट ना-हरकत देईल. नाही गेल्या तर रायफल कुंदनची.

"आणि तुम्ही कुणाचं नाव म्हणणार?" शुभांगीने विचारलं.

गोटीरामने भिंतीवरच्या तिच्या पदकांकडे पाहिलं. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं त्याने उत्तर दिलं. "तुझं."

प्रेमाने नव्हे. नळीत शिसं ओतलेलं बघण्यापेक्षा पोरीच्या हातात गेलेली बरी, एवढाच हिशोब. शुभांगीला तो कळला आणि तरी तिचं काळीज लक्कन हाललं. ती रायफल तिला सोळाव्या वर्षापासून हवी होती.

सोळाव्या वर्षीच ती तिच्यापासून तोडली गेली होती. त्या घरात एक रीत होती. भरणाऱ्याने नव्या डब्यातली पहिली गोळी सगळ्यांदेखत स्वतः मारायची, मगच डबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. काडतूस बंद झालं की आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक, बाहेरून सगळं पितळ सारखंच. आजोबांनी ही रीत कधी मोडली नाही. मोडली ती गोटीरामने. पोरगी छर्‍याच्या बंदुकीवर कुंदनला रोज हरवायला लागली आणि दांडेवालीसाठी हट्ट धरून बसली, तेव्हा एका सकाळी त्याने तिला रायफल दिली, डबा दिला, आणि पहिली गोळी स्वतः मारली नाही. तिच्या दोन गोळ्या मऊ गेल्या. ती हसली, गालाचा दाब सैल केला, खांदा ढिला सोडला. तिसऱ्या नळीत बापाने गच्च दारू भरली होती. खांद्याजवळचं हाड कट्कन वाजलेलं तिला अजून ऐकू येतं. ती मातीत लोळत असताना तो म्हणाला होता, "फिटली हौस? बाईमानसाचं काम न्हाय ह्ये." हाड सांधलं. बाकीचं काही सांधलं नाही, आणि का सांधावं?

"भरून देते," ती म्हणाली. "आता निघा."

काडतुसं तिने दुसऱ्या दिवशी दुपारी भरली. हलकं काडतूस भरणं जड काडतुसापेक्षा अवघड. एवढ्या मोठ्या पितळी नळीत दारू तळाशी चिमूटभर दिसते, चुकून दुसऱ्यांदा पडली तरी कळत नाही. फारच कमी पडली तर गोळी रायफलच्या नळीतच अडकून बसते. म्हणून ती प्रत्येक नळीत बॅटरीचा उजेड टाकून बघत होती. सहा नळ्या तिने मांडल्या. पाच पैजेच्या आणि एक रीतीची, पहिली.

मोह झाला नाही असं कोण म्हणेल? तिसऱ्या नळीशी तिचा हात थांबला. दारूचा डबा समोर होता, बापाची नवी वाटी त्या एका धक्क्यात निखळली असती, आणि जगात कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. तिने माप काठोकाठ भरलं, परत ओतलं. मग तिने तिसऱ्यातही दुसऱ्यांइतकीच दारू घातली, वर गोळी दाबली, आणि स्वतःचाच राग येऊन डब्याचं झाकण आपटलं.

दसऱ्याला रेंजवर झेंडूचे हार घातलेल्या बंदुका टेबलावर मांडल्या होत्या. कुंदन पांढराशुभ्र लिननचा शर्ट घालून आला होता. "ताई, कशाला म्हाताऱ्याला नादी लावतेस? पडला तर दवाखाना मलाच बघावा लागेल."

"तू भिंतीला खिळा ठोकून ठेवलास का, ते सांग," शुभांगी म्हणाली.

"ठोकलाय. वर लाइटसुद्धा लावलाय."

गोटीराम बाकावर बसला. शुभांगीने डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने झाकण उघडलं, सहा काडतुसांकडे पाहिलं, आणि डबा तिच्याकडे परत सरकवला.

"पहिली तू मार."

हक्काचं मागणं होतं. रीतच होती. त्यासाठीच तर तिने सहावं भरलं होतं. पण त्याच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. रीत! या माणसाच्या तोंडी रीत!

"माझ्या वेळी तुम्ही मारली होती?"

संतोष सरांनी मान खाली घातली. गोटीरामने एक काडतूस उचलून उजेडात धरलं.

"हलक्या हायेत ना पन?" त्याने विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"मारून बघा," शुभांगी म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली. उत्तर तिला फार गोड लागलं. एवढ्या वर्षांचं व्याज एका वाक्यात वसूल झाल्यासारखं वाटलं.

पहिली गोळी गेली. आवाज मऊ, धक्का जेमतेम. वर्तुळात. दुसरी गेली, तीही वर्तुळात, पहिलीच्या अंगाला लागून. काहीही म्हणा, म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत होती. कुंदनचा चेहरा पडला. आता फक्त एक हवी होती, उरलेल्या तिनांतून एक. शुभांगीला दांडेवालीचं वजन आपल्या हातात जाणवायला लागलं.

गोटीरामने दांडा ओढला. तिसरं काडतूस आत गेलं. आणि तो थांबला.

त्याचा गाल लाकडावरून उचलला गेला. परत टेकला. खांदा आक्रसून कानापाशी गेला. शुभांगी रोज पोरांना शिकवत होती, तिला ते मागूनही दिसलं, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. दोन मऊ, मग तिसरी. म्हातारा पहिलीला भ्याला नव्हता, दुसरीला भ्याला नव्हता. चोराच्या मनात चांदणं! तो आपल्याच हाताने भरलेल्या त्या जुन्या काडतुसाची वाट बघत होता.

चाप दाबायच्या आधीच त्याने अंग मागे झटकलं. गोळी खाली मातीत गेली. धूळ उडाली. धक्का पहिल्या दोन्हींएवढाच होता, पण त्याला ते कळलं की नाही कोण जाणे, त्याचे डोळे गच्च मिटलेले होते.

"नाना," ती पुढे झाली. "सगळ्या सारख्याच आहेत. खरंच."

गोटीरामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, निव्वळ भीती होती. "तवा तिसरीच्या आधी मी पन तुला हेच म्हनलो व्हतो," तो म्हणाला.

म्हणाला होता. ती विसरली होती, तो विसरला नव्हता.

चौथी निशाणामागच्या मातीच्या बांधाच्या वर गेली. पाचवी कुठे गेली ते कुणी पाहिलंच नाही. गोटीरामने रायफल टेबलावर ठेवून दिली.

"झालं?" कुंदन म्हणाला. त्याने रायफल उचलली, डब्यातलं सहावं काडतूस घातलं, आणि पुढे होऊन रायफल नुसती कमरेशी धरून समोरच्या बांधावर चाप ओढला. फुस्सकन आवाज झाला. रायफल त्याच्या हातात हललीसुद्धा नाही. तो खदाखदा हसला. "हे काय ताई! दिवाळीतल्या लवंगीला याहून जोर असतो. याला भ्याले नाना?"

संतोष सरांनी ओरडून रायफल त्याच्या हातातून काढून घेतली, दांडा ओढून रिकामी नळी गवतात पाडली आणि कमरेवरून मारल्याबद्दल त्याला चार शब्द सुनावले. ते कुंदनने कानामागे टाकले. रायफल आता त्याचीच होती.

गोटीराम मात्र बांधाकडे बघत होता, जिथे सहावी गोळी रुतली होती.

"समद्या हलक्याच व्हत्या," तो म्हणाला.

"होत्याच. सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत."

"सांगून कोन ठेवतं, पोरी?" म्हातारा उठला, खांदा दाबत. "तू मारून दाखवली असती तर ठेवला असता."

तो गेटकडे चालू लागला. शुभांगीला ओरडून शिवी द्यावीशी वाटली, पण कुणाला द्यावी ते ठरेना. टेबलावर कुंदन रायफल पेटीत घालत होता आणि फोनवर कुणाला तरी विचारत होता की नळीत शिसं ओतून देणारा माणूस सणाच्या दिवशी भेटेल का. ती खाली वाकली आणि आपल्या सहाही रिकाम्या नळ्या गवतातून वेचायला लागली.