किनारपट्टीचा प्रबंध

अमरसिंह घोरपडे कोल्हापूरच्या एका कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवायचे. त्यांचा थोरला भाऊ बासष्टच्या युद्धात बर्फात गेला होता. शत्रू डोंगर ओलांडून येतो, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नव्हतं.

१९९७ साली कुरुंदवाडचा प्रसेनजीत कुरणे एम.फिल.चा प्रबंध घेऊन त्यांच्याकडे आला. दोन सुट्ट्या त्यानं एस.टी.नं मालवण-देवगडला खेपा घालण्यात घालवल्या होत्या. त्याचं म्हणणं साधं होतं : देशाचं सगळं धोरण जमिनीच्या सीमेभोवती फिरतं, आरमाराला उरलंसुरलं मिळतं आणि किनाऱ्याकडं कुणी बघतच नाही. सुरुवात त्यानं घरापासून केली होती. मालवण कोल्हापूरच्या गादीकडं होतं, १८१२च्या तहात ते इंग्रजांना गेलं, आणि तेव्हापासून इथल्या माणसाला समुद्र परका झाला, असं त्यानं लिहिलं होतं.

“आपल्या लढाया कुठं झाल्या रे?” सरांनी विचारलं. “काश्मीर, नेफा, पंजाब. समुद्र कुठं आला मध्येच?”

“एकाहत्तरला कराची बंदर आरमारानंच पेटवलं की, सर. आणि त्र्याण्णवचं आरडीएक्स कोकणातच उतरलं. मी अकरा गावं फिरलोय. बाहेरची होडी किनाऱ्याला लागली तर विचारणारं कोण न्हाय.”

“ते कस्टमचं आणि पोलिसांचं काम. ह्याला संरक्षणशास्त्र म्हणत नाहीत.”

सरांनी शेरा मारला : ‘विषय गौण. उत्तर सीमेवर नव्याने काम करावे.’ प्रसेनजीत प्रबंध उचलून निघून गेला. नव्यानं काम त्यानं केलं नाही. पुढं तो गडहिंग्लजला शाळेत भूगोल शिकवतो, एवढं कानावर आलं. दोन वर्षांनी कारगिल झालं, तेव्हा आपलंच खरं ठरलं असं सरांनी वर्गात बोलूनही दाखवलं.

नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोर समुद्रातून आले होते. निवृत्त होऊन मंगळवार पेठेत राहणाऱ्या सरांकडं एका दैनिकानं तातडीनं लेख मागितला. त्यांनी एका बैठकीत लिहून दिला : पाठ फिरवलेला किनारा, मालवणचा तह, कुणी न विचारणारी अकरा गावं. लेख छापून आला आणि फोन सुरू झाले. सर, किती लांबचं बघितलंत तुम्ही, असं जो तो म्हणू लागला. तिसऱ्या फोननंतर त्यांनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

“काय झालं?” पत्नी वर्षाराणींनी विचारलं.

“हे माझं नव्हं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गडहिंग्लजला गेले. प्रसेनजीतच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यानं सरांना खुर्ची दिली, चहा मागवला.

“लेख वाचलास?”

“वाचला. वर्गात पोरांना पण वाचून दाखवला.”

“तो तुझा होता. मला लिहिताना सगळं कळत होतं, प्रसेनजीत. तरी नाव घातलं नाही.”

प्रसेनजीतनं आलेला चहा सरांपुढं सरकवला.

“प्रबंध हाय तुझ्याकडं? छापून घेऊ. मी स्वतः खटपट करतो.”

“दोन हजार पाचच्या पुरात कुरुंदवाडच्या घरात छातीभर पाणी होतं. वह्या, फाइल, सगळं गेलं. एक प्रत तुमच्याकडं दिलती की.”

सरांनी कप खाली ठेवला. निवृत्तीच्या वेळी केबिन रिकामी करताना त्यांनी जुन्या फायली न बघताच रद्दीत घातल्या होत्या. ते त्यांनी सांगितलं.

“मग तुमच्या लेखात हाय तेवढंच राहिलं, सर,” प्रसेनजीत शांतपणे म्हणाला.

“परत लिही. मी येतो तुझ्याबरोबर मालवणला.”

“आता काय लिहायचं? सांगायचं होतं तेव्हा सांगून झालं.” घंटा झाली. त्यानं नकाशाची गुंडाळी उचलली. “येतो. नववीचा तास हाय.”

सरांनी दैनिकाला खुलासा पाठवला. आठवड्यानं तो आतल्या पानावर, तीन ओळींत, प्रसेनजीतच्या नावासकट आला. कात्रण त्यांनी गडहिंग्लजला पोस्टानं धाडलं. उत्तर आलं नाही, आणि ते यावं असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे, असंही त्यांना वाटलं नाही.