आठ नंबरचा दाणा

पोलादातही दाणे असतात, हे तिने घरी सांगितलं आणि पस्तावली. तेव्हापासून नवरा तिला दाणेवाली म्हणू लागला. दाणे बारीक झाले की पोलाद मजबूत होतं, पण फार बारीक झाले की ताणलं न जाता लवकर तुटतं. किती बारीक म्हणजे पुरे, ते आधीच सांगणारं मॉडेल तिने दोन वर्षं खपून संगणकावर बांधलं होतं. आज त्याची परीक्षा होती. ते चुकलं तर हे काम बंद आणि तिची बदली विक्री विभागात, असं मोठ्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं.

मशीनवाल्या काकांनी ताणून तोडायच्या मशीनवर सळई लावली. मॉडेल म्हणत होतं, लवकर तुटेल. सळई मात्र खुशाल ताणली जातच राहिली आणि कितीतरी उशिरा तुटली.

"गुणी आहे हो!" काका खूश झाले. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने सळईवरची चिठ्ठी पाहिली. दाणा: आठ.

"हा आठ मायक्रॉनच ना गं?" तिने सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं.

"छे, नंबर आठ! आम्ही नंबरच लिहितो."

झालं! या नंबराची तऱ्हाच उलटी: नंबर मोठा, तर दाणा बारीक. आणि आठ नंबरचा दाणा आठ मायक्रॉनच्या जवळजवळ तिप्पट. मैत्रिणीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. मैत्रीण तर आधीच पांढरीफटक पडली होती.

माप सुधारून तिने मॉडेल पुन्हा चालवलं, आणि ती मागे उभ्या मोठ्या मॅडमकडे वळली. "मॅडम, चूक माझी. मी नंबरला माप समजले. सुधारलं तर आकडा जुळतोय."

"उत्तर बघून कुणाचंही गणित जुळतं," मॅडम म्हणाल्या. "दुसरी लावा. दाणा दहा नंबर. तू आधी उत्तर फळ्यावर लिही."

तिने नंबराचं माप केलं, मॉडेल चालवलं आणि लिहिलं: एकवीस टक्के ताणल्यावर तुटेल. घाईत अक्षर अगदीच गचाळ आलं.

सळई ताणली, मध्येच बारीक झाली आणि खाडकन तुटली. काकांनी तुकडे जुळवून मोजले, चष्मा पुसून पुन्हा मोजले.

"एकवीसला जरासं कमी."

तिला रडूच आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. काकांनी पुढची सळई उचलली.

"तिसरी लावू का?"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "यापुढे आधी हिला विचारायचं, मग सळई लावायची."