पळून जाण्याचा रविवार

"काका, हा कागद फळ्यावर लावलात तर देणगी नाही, पोलीस येतील!" अनिकेतला हसू आवरेना.

सेतुमाधवरावांनी आपलाच मजकूर पुन्हा वाचला. 'रविवारीं मी पळून जातों. बायकोच्या रोगासाठीं पैसे द्यावे.' तंजावरात सात पिढ्या मुरलेलं मराठी ते.

"यात तप्पु काय असे?"

"चूक हीच की पळून जातात ते बाईला घेऊन! तुम्ही नुसते पळणार आहात. दहा किलोमीटर."

वरच्या मजल्यावरचा हा पुण्याचा भाडेकरू मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि मराठीचाही. त्याने कागद सुधारून दिला. विस्मरणाच्या रोग्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या संस्थेसाठी वर्गणी जमली. शेजारच्या सत्यनारायणांनी किलोमीटरला पन्नास रुपये कबूल केले. साठीचा हा कारकून तिसऱ्यातच बसेल, असा त्यांचा हिशेब. सेतुमाधवरावांना मात्र दहाच्या दहा करायचे होते. चार महिने ते पहाटे मांबलमच्या गल्ल्यांतून पळत होते.

कागद सुधारला त्या दिवशी आत त्यांच्या पत्नी अंबुजाबाई शेंगा सोलत होत्या. दोन वर्षांत त्यांचं इंग्रजी गेलं, तमिळ गेलं, मुलीचं नाव गेलं; उरलं माहेरचं मराठी. त्यांनी अनिकेतचं एवढंच ऐकलं, की बाईला घेऊन पळून जायचं आहे.

रविवारी पहाटे त्या दारात उभ्या. कांजीवरम नेसलेल्या, केसांत मोगरा. आवाज नको म्हणून चपला हातात.

"चला," त्या कुजबुजल्या. "आमचे हे निजलेत."

त्यांच्यापाशी बसायला आलेल्या थोरल्या नणंद अन्नपूर्णाबाई सेतुमाधवरावांना म्हणाल्या, "ने रे बाबा. धरून ठेवली तर ओरडेल."

हजारो माणसं पळत पुढे गेली. ही दोघं चालली. अंबुजाबाईंनी नाव विचारलं. "सेतु," ते म्हणाले. त्या लाजल्या. समुद्र दिसला तसा त्यांनी पदर नीट केला आणि वाटभर खुदुखुदु हसत राहिल्या. इतक्या खुशीत त्यांना सेतुमाधवरावांनी लग्नाच्या सालीच पाहिलं होतं.

अड्यारच्या पुलाजवळ आठवा किलोमीटर संपला आणि त्या थांबल्या.

"मी येत नाहीं."

"कां? दोनच राहिले."

"घरीं ते एकटे. सकाळची कापी करून प्यायला येत नाहीं त्यांना."

सेतुमाधवरावांना राहवलं नाही. "बरा आहे का माणूस?"

"बोलत नाहींत फार." त्यांनी विचार केला. "पण त्यांना टाकून कसं यायचं? तुम्हीं व्हा पुढें. रागावूं नका."

पुढून शर्यतीच्या शेवटाला वाजणारे ढोल ऐकू येत होते. सेतुमाधवरावांनी छातीवरचा नंबर सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि रिक्षाला हात केला.

"घर कुठें तुमचं?"

वर्षभरात न आठवलेला पत्ता अंबुजाबाईंनी दरवाजाच्या नंबरासकट सांगितला. सेतुमाधवरावांनी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तमिळमध्ये रिक्षावाल्याला सांगितला.

परक्या पुरुषाशेजारी बसावं तशा त्या अगदी कडेला, अंग चोरून बसल्या.

"लवकर घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "ते उठले असतील."

सेतुमाधवरावांनी सांगितलं.