काहिलीचा गंज आणि रंगूचं सूत

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी काहील आहे. अंगावर गंज आहे, पण नाकं मुरडू नका. तोच माझा दागिना.

देश स्वतंत्र झाला त्या साली मी मुरुडच्या कोळीवाड्यात वेणूबाईच्या अंगणात आले. ऐनाच्या झाडाची साल उकळून माझ्यात सुती जाळी रंगवत, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. हिरडा उकळला की माझ्या गंजाने कापड काळंभोर व्हायचं. काय माझा थाट! पुढे नायलॉनची जाळी आली आणि माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

एका हिवाळ्यात घाटावरची रंगू धनगरीण पांढऱ्या लोकरीचं सूत घेऊन आली. काळ्या मेंढ्या रोगाने गेलेल्या, लेकीचं लग्न तोंडावर, आणि नवरा-नवरी काळ्या घोंगडीवर बसवायची तिच्या घरची रीत.

वेणूबाईने सूत माझ्यात हिरड्याच्या पाण्यात उकळलं. बाहेर काढलं तर पातळ चहासारखं!

रंगू मटकन खाली बसली. "मावशे, सकाळी कळप घाट चढनार. लेकीला काय दावू?"

वेणूबाईचा मुलगा सदा म्हणाला, "दुकानातून मोरचूद आणू का?"

"आन की!" वेणूबाई कडाडली. "ईख हाय त्ये, जहर. उरलेलं पानी खाडीत जाईल, मावरं मरंल. मंग तुज्या सासऱ्याला तळून खाशील?"

तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला गंज नव्हे, तेल लागलं.

"केसर, हिला कुनी घासली?"

"मी, आई," सून पुटपुटली. "लई घाण होती. राखेनं घासून खोबरेल लावलं."

"घान न्हाय गो, रंग व्हता त्यो! जा, फुटक्या होडीचे गंजके खिळे आन."

गरम पाण्याने, राखेने माझं तेल काढलं. चिंचेच्या पाण्यात खिळे उकळले. ते पाणी गाळून त्यात सूत बुडवलं. बाहेर आलं ते मळकट, करडं. मग खाडीवरचा वारा लागला आणि सूत काळं पडत गेलं, काळं, आणखी काळं. धुतलं, तर पाणी नितळ.

"मावशे, कावळाबी लाजंल गो!" रंगू हसता हसता रडली.

"रडतीस काय? केसर, जेवायला वाढ तिला."

त्या दिवशी कोंबड्या हाकलल्या गेल्या आणि मला पडवीत जागा मिळाली. हुश्श!

मित्रांनो, जुनं भांडं जरूर जपा. पण घासायला हात उचलाल, तर आधी घरच्या म्हातारीला विचारा. ती ओरडेल. ओरडू द्या.