खुनी शेवटच्या पानावर

तलावाच्या पाळीवर पाय घसरून मामाजींच्या, म्हणजे माझे सासरे इतवारी यांच्या, पायाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर आलं. दिघोरीच्या तलावात जन्मभर मासे धरलेला माणूस खाटेवर पडला. सासूबाई गुणाबाई मासळी घेऊन बाजारात, माझा नवरा भूपेश तलावावर. घरी आम्ही दोघंच. लग्नाला वर्ष झालं होतं, पण "जेवण झालं का" आणि "हो" यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

एका दुपारी मी माहेरून, लाखनीहून, आणलेली रहस्यकादंबरी वाचत बसले होते.

"नीतू, काय वाचून राहिली?"

"खुनाची गोष्ट आहे, मामाजी."

"कोनी मारलं?"

"तेच तर कळत नाही अजून."

"मंग मले बी वाचून दाखव. पहिल्यापासून."

दोन प्रकरणं संपली तरी त्यांनी मला उठू दिलं नाही. पाय ठणकत होता तो ठणकायचा थांबला, असं म्हणाले. एका डॉक्टरचा खून होतो, प्रेत तळ्यात टाकतात, ते भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी सापडतं. इथे मामाजी अडले.

"दगड बांधला होता का त्याले?"

"तसं लिहिलं नाही."

"मंग तिसऱ्या दिवशी वर येते. हा लेखक तलावावर गेलाच नाही कधी." पण लगेच म्हणाले, "असू दे. पुढं वाच."

आठवडाभरात पुस्तकाचं वेड त्यांच्या डोक्यात भिनलं. त्यातला गुप्तहेर कुणाला सरळ काही विचारत नसे, आणि सर्वांत गोड बोलणाऱ्यावरच त्याचा संशय असे. त्याच सुमारास, एका बुधवारी, ओसरीवरचं मामाजींचं जाळं दिसेनासं झालं. त्यांचे मित्र तेजराम रोज तब्येत विचारायला येत. मामाजी माझ्या कानाशी म्हणाले, "रोज काहून येते हा?" खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर काकांचाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी तेजरामकाका आले.

"तेजराम, बुधवारी दुपारी कुठं होता तू?"

"घरी. काहून?"

"कोनी पाह्यलं तुले?"

काका हसले. मामाजी हसले नाहीत. मग काका चहा अर्धा टाकून उठले आणि तीन दिवस आले नाहीत.

संध्याकाळी सासूबाईंनी मला विचारलं, "तेजरामभाऊ काहून नाही येऊन राहिले?" मी सगळं सांगितलं. त्या तडक खाटेपाशी गेल्या.

"अजी, जाळं मीच देलं त्यायले. चार ठिकाणी फाटलं होतं. तुमी बरे व्हाच्या आंधी ते शिवून देतो म्हने."

 मामाजी मला म्हणाले, "भूपेशले पाठव. म्हणा, इतवारीनं हात जोडून बोलावलं."

काका आले ते शिवलेलं जाळं खांद्यावर घेऊनच. मामाजींनी त्यांचा हात धरला. "चुकलो मी. पुस्तकातला संशय तुह्यावर काढला." काका म्हणाले, "असं कोनतं पुस्तक हाय? मले बी ऐकू दे." शेवटची चार प्रकरणं दोघांनी मिळून ऐकली.

खुनी निघाला डॉक्टरचा मेहुणा. आधीच्या दोनशे पानांत त्याचं नावही नव्हतं! दोघं माझ्यावरच चिडले, जणू मीच त्याला लपवला होता. संताप ओसरल्यावर मामाजी म्हणाले, "लेखकाले चिठ्ठी लिही."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: "सायेब, शेवट तुमी फसवला. मेहुण्याले आंधी एकदा तरी दाखवाचं होतं. पन तुमच्यापायी महिनाभर मले पायाची याद नाही आली. माही सून माह्याशी बोलाले लागली. तुमचे लय उपकार हायेत."

प्रकाशकाच्या पत्त्यावर चिठ्ठी टाकली. उत्तर आलेलं नाही. मामाजींना त्याचं काही वाटत नाही, आणि मलाही नाही. माझ्यावरही त्या लेखकाचे उपकार तितकेच आहेत.

प्लास्टर निघालं. आता ते काठी घेऊन पाळीवर जातात आणि जाळी सुकवत बसलेल्या मंडळींना तीच गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत मेहुणा पहिल्याच प्रकरणात जेवायला येतो. ऐकणाऱ्यांनी गोष्ट कुठली म्हणून विचारलं, की सांगतात, "आमच्या नीतूनं वाचून दाखवली."